पायप्रोजेक्ट.टॉमलमधून व्हर्जन काढायचं आहे? त्या फाइलीत बहुतेकदा व्हर्जन नसतंच

प्रश्न थोडक्यात असा. टीमकडे चाळीसेक पायथन प्रोजेक्ट आहेत, प्रत्येकात पायप्रोजेक्ट.टॉमल (प्रोजेक्टची माहिती आणि त्याला लागणारी पॅकेजेस लिहिलेली फाइल) आहे. त्या सगळ्यांतून ‘पॅकेजचं नाव’ आणि ‘व्हर्जन’ अशी दोन कॉलमांची शीट काढायची आहे. तुम्ही फाइल ओळीओळीने वाचून == या चिन्हावर तोडणारी स्क्रिप्ट लिहिलीत. आता निम्म्या ओळींत व्हर्जनचा कॉलम रिकामा येतो, काही ओळींवर स्क्रिप्ट एरर देऊन थांबते, आणि तुम्हाला सगळ्या ओळींना पुरेल असा एक रेगेक्स (मजकुरातला साचा शोधणारं सूत्र) हवा आहे.

तसा रेगेक्स लिहिता येईल, पण त्याने शीट बरोबर होणार नाही. या फाइलीत पॅकेजचं व्हर्जन लिहिलेलं नसतं, व्हर्जनवरची अट लिहिलेली असते. घरून वाण्याला दिलेली यादी आणि वाण्याने दिलेलं बिल यात जो फरक, तोच इथे आहे. ‘तूरडाळ, दोनशेच्या आतली’ ही यादी झाली. प्रत्यक्षात कुठली डाळ पिशवीत पडली, ते बिलावर कळतं. पायप्रोजेक्ट.टॉमल ही यादी आहे, लॉकफाइल (टूलने निवडलेली नेमकी व्हर्जन्स नोंदवणारी फाइल) हे बिल. तुमचा रिकामा कॉलम एका अर्थी खरंच सांगतोय: तिथे एकच एक व्हर्जन नाही.

म्हणून आधी हे ठरवा की शीट कशासाठी हवी आहे. तीन वेगळे प्रश्न असतात आणि तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या जागी मिळतात. ‘आपण कुठली व्हर्जन्स चालवून घेतो?’ याचं उत्तर पायप्रोजेक्ट.टॉमलमध्ये. ‘बिल्ड करताना नेमकं कुठलं उतरतं?’ याचं लॉकफाइलमध्ये. ‘सर्व्हरवर आत्ता काय चालू आहे?’ याचं फक्त त्या सर्व्हरवर. सिक्युरिटी तपासणीसाठी यादी काढणारे नेमके इथेच घसरतात. उदाहरणार्थ, रिक्वेस्ट्स पॅकेजमधली प्रॉक्सीचा पासवर्ड भलत्या सर्व्हरला जाण्याची चूक २.३१.० मध्ये दुरुस्त झाली (मे २०२३). फाइलीत >=२.२८ लिहिलं असेल तर तो प्रोजेक्ट धोक्यात आहे की नाही, हे त्या ओळीवरून सांगताच येत नाही. २.२८ असू शकतं, २.३२ ही असू शकतं.

(एक सूचना. खाली कोडमधले शब्द आणि आकडे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाका, इथून कॉपी करू नका. याचा एक गमतीदार परिणाम पुढे येईलच.)

तरीही अटींची यादी उपयोगी असते आणि ती नीट वाचता येते. आधी तुमची स्क्रिप्ट कुठे फुटते ते पाहू. समजा फाइलीत एवढंच आहे:

    डिपेन्डन्सीज = [
        "रिक्वेस्ट्स (>=२.३२.३,<३.०.०)",
        "सेलरी[रेडिस]~=५.३",
        "पायविन३२==३०६; सिस_प्लॅटफॉर्म == 'विन३२'",
        # "फ्लास्क==१.०",
    ]

पहिल्या दोन ओळींत == नाहीच, म्हणून व्हर्जन रिकामं. तिसऱ्या ओळीत == दोनदा आहे, त्यामुळे तोडल्यावर दोनाऐवजी तीन तुकडे होतात आणि ‘नाव, व्हर्जन’ अशा दोन चलांत ते मावत नाहीत. तुमची एरर बहुधा हीच. चौथी ओळ मात्र कुरकुर न करता पार होते आणि शीटमध्ये फ्लास्क १.० दाखवते, जे कधीच इन्स्टॉल होत नाही कारण ती कॉमेंट आहे. एरर आली तर निदान कळतं तरी. हा चौथा प्रकार शोधायला महिने लागतात.

पहिल्या ओळीतला कंस पाहून चक्रावू नका. पोएट्री या पॅकेजेस सांभाळणाऱ्या टूलच्या २.० (जानेवारी २०२५) पासून ‘पोएट्री ॲड’ ही कमांड अटी अशाच कंसात लिहिते. पायथनच्या पेप ५०८ (पेप म्हणजे पायथनचे क्रमांकित प्रस्ताव) या व्याकरणात तो कंस पहिल्यापासून चालतो, फक्त फारसं कोणी वापरत नव्हतं. इंटरनेटवरच्या कित्येक तयार रेगेक्सना तो माहीतच नाही.

आता वाचण्याची पद्धत. दोन टप्पे आहेत आणि ते एकमेकांत मिसळायचे नाहीत. आधी टॉमल वाचणाऱ्या पार्सरने फाइलीची डिक्शनरी करायची, मग त्यातली एकेक स्ट्रिंग डिपेन्डन्सी (प्रोजेक्टला लागणारं दुसरं पॅकेज) वाचणाऱ्या पार्सरला द्यायची.

पहिल्या टप्प्यासाठी पायथन ३.११ पासून टॉमलिब हे मॉड्यूल भाषेसोबतच येतं. त्याआधीच्या पायथनवर टॉमली हे पॅकेज टाका, वापर अगदी तसाच आहे. फाइल बायनरी मोडमध्ये उघडायची (म्हणजे ‘आर’ नव्हे, ‘आरबी’), नाहीतर टाइपएरर येते. टॉमलिब फक्त वाचतं, लिहीत नाही. पुढे कधी स्क्रिप्टनेच व्हर्जन बदलून फाइल परत लिहायची असेल तर टॉमलकिट घ्या, ते कॉमेंट आणि मांडणी जशीच्या तशी ठेवतं.

टॉमल ओळीओळीने का वाचू नये, याचं कॉमेंटपेक्षा मोठं कारण आहे. तीच गोष्ट टॉमलमध्ये अनेक रीतींनी लिहिता येते. पोएट्रीच्या फाइलीत कोणी ‘रिक्वेस्ट्स = {व्हर्जन = "^२.२८", एक्स्ट्राज = ["सॉक्स"]}’ असं एका ओळीत लिहितो. दुसरा रिक्वेस्ट्ससाठी स्वतंत्र टेबल उघडतो आणि खालच्या ओळीत ‘व्हर्जन = "^२.२८"’ लिहितो. पार्सरला दोन्ही सारखंच दिसतं. ओळी मोजणाऱ्या स्क्रिप्टला दुसऱ्या प्रकारात ‘व्हर्जन’ नावाचं एक नवंच पॅकेज सापडतं.

डिक्शनरी हातात आली की पुढचा प्रश्न: डिपेन्डन्सी आहेत कुठे? इथे प्रोजेक्टच्या वयावर आणि टूलवर बरंच अवलंबून आहे. पेप ६२१ प्रमाणे लिहिलेली फाइल असेल तर ‘प्रोजेक्ट’ टेबलातल्या ‘डिपेन्डन्सीज’ या यादीत मुख्य पॅकेजेस आणि ‘ऑप्शनल-डिपेन्डन्सीज’ या टेबलात ऐच्छिक गट. डेव्हलपमेंटपुरती लागणारी पॅकेजेस ‘डिपेन्डन्सी-ग्रुप्स’ या वरच्या पातळीवरच्या टेबलात असू शकतात (पेप ७३५, २०२४ मध्ये मंजूर). या गटांत स्ट्रिंगच्या जागी ‘इन्क्लूड-ग्रुप’ असा छोटा टेबलही येतो, म्हणजे एका गटात दुसरा गट. तो उलगडताना आधी पाहिलेल्या गटांची नोंद ठेवा. कोणी चुकून दोन गट एकमेकांत घातले तर स्क्रिप्ट गोल गोल फिरत राहील. ‘बिल्ड-सिस्टम’ टेबलातली ‘रिक्वायर्स’ यादी वेगळी ठेवा. ती पॅकेजेस बिल्डपुरती लागतात, चालवताना नाही. पण सिक्युरिटीसाठी यादी काढत असाल तर ती वगळू नका, बिल्डच्या मशीनवर तोच कोड चालतो.

एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ‘प्रोजेक्ट’ टेबलात ‘डायनॅमिक’ नावाची यादी असते आणि तिच्यात ‘डिपेन्डन्सीज’ हा शब्द असेल तर खरी यादी त्या टेबलात नाहीच. सेटअपटूल्स (बिल्डचं एक टूल) वापरणाऱ्या प्रोजेक्टमध्ये ती बहुधा रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी मधून उचलली जाते आणि फाइलीचं नाव ‘टूल.सेटअपटूल्स.डायनॅमिक’ या टेबलात सापडतं. तिथेही नसेल तर बहुधा सेटअप.पाय मध्ये. ती फाइल म्हणजे चालणारा कोड आहे, माहिती नव्हे. केवळ यादीसाठी ती चालवू नका, विशेषतः रेपो बाहेरचा असेल तर. अशा वेळी शीटमध्ये शून्य डिपेन्डन्सी दाखवणं हे सर्वांत वाईट उत्तर. ‘डायनॅमिक, वाचता आली नाही’ असं स्पष्ट लिहा. रेपो विश्वासाचा असेल तर आयसोलेटेड कंटेनरमध्ये व्हील (इन्स्टॉलसाठी तयार पॅकेज) बिल्ड करून त्याच्या मेटाडेटा फाइलीतल्या ‘रिक्वायर्स-डिस्ट’ ओळी वाचता येतात. त्या ओळी कुठलंही टूल असो, एकाच व्याकरणात येतात.

दुसऱ्या टप्प्यासाठी पॅकेजिंग नावाचंच पॅकेज आहे. त्यातल्या रिक्वायरमेंट्स मॉड्यूलमधल्या ‘रिक्वायरमेंट’ क्लासला ती स्ट्रिंग द्या. परत पाच गोष्टी मिळतात: नाव, एक्स्ट्राज म्हणजे चौकोनी कंसातले ऐच्छिक भाग, स्पेसिफायर म्हणजे अटींचा संच, मार्कर म्हणजे ही ओळ कुठल्या वातावरणात लागू ते, आणि युआरएल. वरची सेलरीची ओळ दिली तर नाव सेलरी, एक्स्ट्रा रेडिस, स्पेसिफायर ~=५.३, मार्कर रिकामा. पायविन३२ च्या ओळीत स्पेसिफायर ==३०६ आणि मार्कर वेगळा होऊन येतो. व्याकरणात न बसणारी ओळ असेल तर इनव्हॅलिडरिक्वायरमेंट ही एरर येते. ती पकडा आणि मूळ ओळीसकट शीटमध्ये टाका, गिळू नका.

‘नाव @ गिट+एचटीटीपीएस…’ अशा ओळींत स्पेसिफायर रिकामा आणि युआरएल भरलेली येते. तिथे व्हर्जन म्हणून शोधायचा तो गिटचा टॅग किंवा कमिट. तो युआरएलमध्ये नसेल तर त्या ओळीचा अर्थ ‘त्या ब्रँचवर आज जे असेल ते’.

मार्करबद्दल सविस्तर सांगते, कारण इथे चुकीचं उत्तर अगदी शांतपणे येतं. मार्करच्या ऑब्जेक्टवर ‘इव्हॅल्युएट’ नावाची मेथड आहे आणि काही न देता ती चालवली तर ती तुमच्या स्क्रिप्टच्या मशीनवरून उत्तर ठरवते. स्क्रिप्ट लिनक्सवर चालली की विंडोजची सगळी पॅकेजेस शीटमधून गायब. म्हणून यादी काढताना मार्कर तपासूच नका, त्याचा मजकूर कॉलममध्ये ठेवा. ठरावीक वातावरणासाठीच यादी हवी असेल तर त्या वातावरणाची डिक्शनरी इव्हॅल्युएटला द्यावी लागते. पण ती अर्धवट दिली तर उरलेल्या किमती पुन्हा तुमच्याच मशीनवरून भरल्या जातात. ‘पायथन_व्हर्जन’ ३.९ दिलं आणि ‘पायथन_फुल_व्हर्जन’ द्यायचं राहिलं, तर अर्धे मार्कर ३.९ साठी आणि अर्धे तुमच्या ३.१२ साठी तपासले जातात. द्यायची तर पूर्ण डिक्शनरी द्या.

मार्करमुळे आणखी एक होतं: एकच पॅकेज दोनदा येतं. पायथन ३.९ च्या आधी नमपाय <२, आणि ३.९ पासून नमपाय >=२, अशा दोन ओळी एकाच यादीत असणं पूर्ण वैध आहे (नमपाय २.० ला किमान पायथन ३.९ लागतंच). तुम्ही नाव ही की धरून डिक्शनरी बनवलीत तर पहिली ओळ दुसरीखाली गाडली जाते. शीटच्या ओळींसाठी लिस्ट वापरा, डिक्शनरी नको.

नावांचंही तसंच. टायपिंग_एक्स्टेन्शन्स अंडरस्कोअरने लिहिलं काय आणि हायफनने लिहिलं काय, पायपीआयच्या (पायथन पॅकेजेसच्या सार्वजनिक भांडाराच्या) दृष्टीने ते एकच पॅकेज. कॅपिटल-स्मॉल, हायफन, अंडरस्कोअर आणि टिंब यांत फरक धरत नाहीत. चाळीस प्रोजेक्टांची बेरीज करताना ‘कॅनॉनिकलाइझ_नेम’ हे पॅकेजिंगच्या युटिल्समधलं फंक्शन प्रत्येक नावावर चालवा, नाहीतर एकच पॅकेज तीन नावांनी मोजलं जाईल. आणि इम्पोर्टचं नाव इथे आणूच नका. पायवायएएमएल इन्स्टॉल करतात आणि यॅमल इम्पोर्ट करतात, पिलो इन्स्टॉल करतात आणि पीआयएल. या दोन नावांत नियमाने जुळणारं काही नाही.

आता अटींचा अर्थ. स्वल्पविराम म्हणजे ‘आणि’. >=२.२८,<३ म्हणजे दोन्ही पाळा. ~= हे चिन्ह सर्वाधिक चुकीचं वाचलं जातं. ~=१.४.२ म्हणजे १.४.२ किंवा पुढचं, पण १.४ च्याच मालिकेतलं. ~=१.४ म्हणजे १.४ किंवा पुढचं, १ च्या मालिकेतलं, म्हणजे १.९ चालेल. शेवटचा आकडा तेवढा मोकळा राहतो, असं लक्षात ठेवा. नुसतं ~=१ अवैध आहे. ==१.४ हे १.४.० ला जुळतं, कारण मागची शून्यं मोजत नाहीत. ==१.४.* मध्ये चिन्ह == असलं तरी ती मालिका आहे, एक व्हर्जन नव्हे. म्हणून ‘हे पॅकेज पक्कं बांधलेलं आहे का’ हे ठरवताना तीन गोष्टी पाहा: संचात एकच अट आहे, तिचा ऑपरेटर == आहे, आणि तिच्या शेवटी .* नाही.

स्पेसिफायरसेट हा नावाप्रमाणे संच आहे, त्यात क्रम राहत नाही. शीटमध्ये तो छापला आणि कोणी मूळ फाइलीशी ताडून पाहिला तर ‘स्क्रिप्टने अट बदलली’ अशी तक्रार येणार. मूळ स्ट्रिंग वेगळ्या कॉलममध्ये जपा.

व्हर्जनची तुलना स्ट्रिंग म्हणून कधीच करू नका. अक्षरांच्या क्रमात १.१० हे १.९ च्या आधी येतं. टिंबावर तोडून आकडे केले तरी भागत नाही, कारण १.०आरसी१, १.०.पोस्ट१, १.०.डेव्ह३ अशी शेपटं असतात. त्यांचा क्रमही ठरलेला आहे: डेव्ह, मग अल्फा, बीटा, आरसी, मग पक्कं व्हर्जन, आणि त्यानंतर पोस्ट. पॅकेजिंगमधला ‘व्हर्जन’ क्लास हे सगळं पेप ४४० प्रमाणे करतो. तारखेची व्हर्जन्सही तोच सांभाळतो. सर्टिफाय पॅकेज स्वतःच्या कोडमध्ये २०२४.०७.०४ लिहितं आणि पायपीआयवर ते २०२४.७.४ दिसतं. स्ट्रिंग म्हणून ही दोन वेगळी, व्हर्जन म्हणून एकच. जुन्या उत्तरांत लूजव्हर्जन वापरा असं सांगितलेलं आढळेल. ते डिस्टयुटिल्समध्ये होतं आणि डिस्टयुटिल्स पायथन ३.१२ मधून काढून टाकलं आहे.

एखादं व्हर्जन अटीत बसतं का, हे ‘कन्टेन्स’ ने तपासता येतं. तिथे ‘प्रीरिलीजेस’ हा पॅरामीटर स्वतः द्या, डीफॉल्टवर विसंबू नका. लॉक झालेलं व्हर्जन तपासत असाल तर ‘ट्रू’ द्यायचं. ते आरसी असलं तरी प्रत्यक्षात बसलेलं आहे, आणि तुमच्या तपासणीने ते नाकारण्यात अर्थ नाही. पायटॉर्चसारख्या पॅकेजेसमध्ये २.१.०+सीपीयू असं शेपूट दिसेल. अधिकच्या चिन्हापुढचं ते लोकल लेबल, आणि ==२.१.० ही अट त्याला जुळते.

आता देवनागरीची गंमत. पायथनच्या रेगेक्समधला अंकांचा वर्ग (बॅकस्लॅश आणि डी) साध्या स्ट्रिंगवर चालवला तर देवनागरी आकडेही पकडतो. इंट फंक्शनही ‘३’ चा निमूटपणे तीन करतं, आणि इजडिजिट ‘हो’ म्हणतं. म्हणजे मराठी कीबोर्ड चालू राहून कोणी फाइलीत ३०६ देवनागरीत टाकलं, तर हाताने लिहिलेला रेगेक्स ते बिनतक्रार वाचतो आणि पिप (पायथनची पॅकेजेस बसवणारं टूल) ते नाकारतं. पॅकेजिंगच्या रेगेक्समध्ये शून्य ते नऊ हे इंग्रजी आकडेच दिलेले आहेत, त्यामुळे तिथे लगेच एरर येते. रेगेक्स लिहायचाच झाला तर तुम्हीही तसेच द्या.

पोएट्रीचे जुने प्रोजेक्ट हे वेगळं प्रकरण आहे. तिथे डिपेन्डन्सी ‘टूल.पोएट्री.डिपेन्डन्सीज’ या टेबलात असतात: नाव ही की, अट ही किंमत. ही अट पेप ४४० ची नाही, म्हणून ती थेट पॅकेजिंगला दिली तर एरर येते. कॅरेटचा (^ या चिन्हाचा) नियम असा की डावीकडून पहिला शून्य नसलेला आकडा बदलता कामा नये. ^१.२.३ म्हणजे २.० च्या आत, ^०.२.३ म्हणजे ०.३ च्या आत, ^०.०.३ म्हणजे ०.०.४ च्या आत. शून्यवाल्या दोन ओळी विसरून सगळीकडे ‘पुढच्या मोठ्या व्हर्जनच्या आत’ असं भाषांतर करणाऱ्या स्क्रिप्ट ढीगभर आहेत. टिल्डे तर आणखी फसवी. पोएट्रीतलं ~१.२ म्हणजे १.३ च्या आत. पेप ४४० मधलं ~=१.२ म्हणजे २ च्या आत. एका बरोबरच्या चिन्हाने अर्थ बदलतो. नुसतं ‘१.२.३’ म्हणजे तिथे अगदी तेच व्हर्जन, आणि ‘*’ म्हणजे काहीही (पॅकेजिंगमध्ये याच अर्थासाठी रिकामी स्ट्रिंग द्यावी लागते). शिवाय दोन उभ्या रेघांनी ‘किंवा’ लिहिता येतं, ^१.२ || ^२.५ असं. ते एका स्पेसिफायरसेटमध्ये बसवण्याचा प्रयत्न सोडून द्या.

त्या टेबलातली ‘पायथन’ ही की पॅकेज नाही, ती पायथनवरची अट आहे. ती शीटमध्ये पॅकेज म्हणून आली की स्क्रिप्ट कोणी घाईत लिहिली ते लगेच कळतं. किंमत तीन रूपांत येते: साधी स्ट्रिंग, टेबल (व्हर्जन, एक्स्ट्राज, गिट, पाथ वगैरे), किंवा टेबलांची यादी. डेव्हलपमेंटची पॅकेजेस पोएट्री १.२ पासून ‘टूल.पोएट्री.ग्रुप’ च्या खाली, त्याआधी ‘डेव्ह-डिपेन्डन्सीज’ मध्ये. पोएट्री २ च्या फाइलीत ‘प्रोजेक्ट’ टेबल आणि पोएट्रीचं टेबल दोन्ही असू शकतात आणि तेच पॅकेज दोन्हीकडे असू शकतं, कारण दुसरीकडे फक्त ‘कुठून आणायचं’ एवढी जास्तीची माहिती असते. दोनदा मोजू नका. कॅरेट स्वतः उलगडण्यापेक्षा पोएट्री-कोअर या लायब्ररीतलं ‘पार्स_कन्स्ट्रेंट’ वापरा, पण तिचं व्हर्जन बांधून ठेवा. त्या फंक्शनची जागा याआधी बदललेली आहे.

यूव्ही (पोएट्रीसारखंच एक टूल) वापरणाऱ्या प्रोजेक्टमध्ये यादी नेहमीच्याच जागी असते, पण ‘टूल.यूव्ही.सोर्सेस’ एकदा पाहा. तिथे एखादं पॅकेज गिटकडे किंवा शेजारच्या फोल्डरकडे वळवलेलं असलं तर वरची अट वाचून फारसं काही कळत नाही.

अवतरणचिन्हांचाही एक खड्डा आहे. टॉमलमध्ये ३.१० अवतरणाशिवाय लिहिलं तर ती दशांश संख्या होते आणि पार्सरमधून ३.१ बाहेर पडते. ती परत ३.१० करता येत नाही. किंमत स्ट्रिंग नसून संख्या आली, तर अंदाज न करता ती ओळ चुकीची म्हणून दाखवा. सीआयच्या (आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेच्या) यॅमल फाइलींत हाच घोळ पायथन ३.१० आल्यावर जागोजाग झाला होता.

अटींची यादी झाली की तिच्या शेजारी लॉकफाइलचा कॉलम लावा, आणि खरं सांगायचं तर तुमच्या शीटमधला उपयोगी कॉलम तोच. पोएट्री.लॉक, यूव्ही.लॉक, पीडीएम.लॉक या तिन्ही टॉमलच आहेत आणि तिन्हींत ‘पॅकेज’ नावाच्या टेबलांची यादी असते, प्रत्येकात नाव आणि व्हर्जन. पेप ७५१ ने २०२५ मध्ये ठरवलेल्या पायलॉक.टॉमलमध्ये तीच यादी ‘पॅकेजेस’ या अनेकवचनी नावाने येते. इथे व्हर्जन एकच आणि नेमकं, कॅरेट-टिल्डेची भानगड नाही. तीन गोष्टी सांभाळा. यूव्ही.लॉकमध्ये तुमचा स्वतःचा प्रोजेक्टही पॅकेज म्हणून असतो. एकच पॅकेज मार्करनुसार दोन व्हर्जनांत असू शकतं. आणि लॉकमध्ये डिपेन्डन्सींच्या डिपेन्डन्सीही असतात, म्हणून आकडा पाहून घाबरू नका; थेट आणि आडून आलेली असा एक कॉलम करा. लॉक जुनी पडली आहे का, हे ‘पोएट्री चेक --लॉक’ किंवा ‘यूव्ही लॉक --चेक’ सांगतं.

लॉकफाइल नसेल (लायब्ररीच्या रेपोंत ती अनेकदा नसते) तर पिप २२.२ पासून ‘--ड्राय-रन’ आणि ‘--रिपोर्ट’ हे पर्याय आहेत. दोन्ही देऊन इन्स्टॉल चालवलं की काहीही न बसवता जेसन रिपोर्ट मिळतो. त्यात आज या मशीनवर काय उतरलं असतं ते येतं. उद्या तेच उतरेल असं नाही, म्हणून शीटवर तारीख घाला. त्यात सोर्समधून बिल्ड होणारी पॅकेजेस असतील तर त्यांचा कोड चालतो, हेही लक्षात असू द्या. प्रत्यक्ष सर्व्हरवरचं हवं असेल तर तिथल्याच पायथनमधून ‘इम्पोर्टलिब.मेटाडेटा’ चं व्हर्जन फंक्शन चालवा.

रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी लागलीच तर तिची प्रत्येक ओळ म्हणजे डिपेन्डन्सी नसते. -आर ने दुसरी फाइल आत येते, -सी ने फक्त मर्यादा येतात (त्यांनी पॅकेज इन्स्टॉल होत नाही), --हॅशच्या ओळी बॅकस्लॅशने मागच्या ओळीला जोडलेल्या असतात. आधी हे सोडवा, मग उरलेली ओळ रिक्वायरमेंट क्लासला द्या.

मी अशा शीटमध्ये हे कॉलम ठेवते: प्रोजेक्ट, कुठल्या टेबलातून आलं, एकसारखं केलेलं नाव, मूळ मजकूर, अट, मार्कर, लॉक झालेलं व्हर्जन, आणि शेवटी स्थिती. स्थितीत ‘ठीक’, ‘लॉक नाही’, ‘डायनॅमिक’, ‘युआरएल’, ‘वाचता आलं नाही’ यांपैकी एक. रिकामा चौकोन कुठेही नको, कारण त्याचे दोन अर्थ होतात: ‘कुठलंही व्हर्जन चालेल’ आणि ‘स्क्रिप्टला जमलं नाही’. शीट वाचणारा मॅनेजर नेहमी पहिलाच अर्थ घेतो.

चाळीस प्रोजेक्टांवर सोडण्याआधी स्क्रिप्टला दहा-बारा स्ट्रिंगची एक छोटी टेस्ट लावा: कंसातली अट, एक्स्ट्रासकट, दोन == असलेली मार्करची ओळ, ==१.४.*, युआरएल, अट नसलेलं नुसतं नाव, तेच पॅकेज दोनदा, आरसी व्हर्जन, +सीपीयू, पोएट्रीचं ^०.०.३, अवतरणाशिवायचं ३.१०, आणि देवनागरीतलं ==३०६. शेवटच्या दोन्हींवर एरर आलीच पाहिजे.

आणि यात नोडचे प्रोजेक्टही मिसळायचे असतील तर ते वाचणारा कोड पूर्ण वेगळा ठेवा. पॅकेज.जेसनमध्ये मधली मोकळी जागा म्हणजे ‘आणि’, नुसतं १.२.३ म्हणजे तेवढंच व्हर्जन. रस्टच्या कार्गो.टॉमलमध्ये तेच नुसतं १.२.३ म्हणजे ^१.२.३. चिन्हं ओळखीची दिसतात म्हणून एकाच फंक्शनने तिन्ही वाचायला गेलात, तर शीटमधले सगळे चौकोन भरलेले दिसतील आणि त्यातले काही चुकीचे असतील.